पाटीवरची तीट

द्वारकाच्या पाटीवर रोज एक चूक असायची. एकच. दहा गणितं घातली तर नऊ बरोबर, वीस शब्द सांगितले तर एकोणीस. आम्हाला वाटायचं, चुकलं असेल. शेख गुरुजींना तसं वाटत नसे. पाट्या तपासताना ते तिच्या पाटीपाशी थांबायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि पाटी पुन्हा वरपासून वाचायचे.

"बाई, तुला सतराचा पाढा येतो अन् सात दुणे किती ते येत न्हाई?"

द्वारका खाली बघत राहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन आकडी भागाकार बरोबर, शेवटची साधी बेरीज चूक. महिनाभर असं पाहिल्यावर गुरुजी दारात उभे राहून शेजारच्या वर्गावरच्या मास्तरांना म्हणाले, "ये लडकी गलती भी सोच के करती है."

आम्ही सगळे हसलो. द्वारका हसली नाही. तिनं पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

घनसावंगीपासून थोड्या अंतरावरचं ते गाव. माझे वडील तिथे ग्रामसेवक म्हणून आले होते, म्हणून मी त्या शाळेत आले. वर्गात मुली आम्ही चारच, त्यात सातवीपर्यंत टिकल्या त्या दोघी. एकदा शाळेतून येताना मी तिला सरळ विचारलं.

"मुद्दाम चुकवतेस ना?"

"हाव."

"कामून?"

"माय म्हणती. एक तरी चुकव. भानुदास सगळं बराबर लिहायचा."

भानुदास तिचा थोरला भाऊ. आम्ही गावात यायच्या आधीच तो गेला होता, बारा वर्षांचा असताना. मी त्याला पाहिलं नाही, पण तो गावात होताच. पारावर म्हातारे त्याच्या गोष्टी सांगायचे. तो पाढे उलटे म्हणायचा, हॉटेलात पेपर वाचून दाखवायचा, शेताची मोजणी करणाऱ्या माणसाला त्यानं म्हणे चूक काढून दाखवली होती. गोष्ट संपली की कोणीतरी हमखास म्हणायचं, "लई शहाणं लेकरू उसनं असतंय. देव वापस नेतो."

हे वाक्य मी त्या गावात इतक्यांदा ऐकलं, की ते माझ्याही अंगवळणी पडलं. माझ्या आईनं एकदा घाबरून वडिलांना विचारलं होतं, आपली सुमन किती शहाणी आहे? वडील म्हणाले, "काळजी करू नको. बेताची आहे."

द्वारकाची आई गयामावशी काही अडाणीपणानं ऐकून वागणारी बाई नव्हती. नवरा लवकर गेलेला, तीन एकर रान तिनं एकटीनं सांभाळलं. कापूस वेचायला तिच्याइतकी जलद बाई शिवारात नव्हती. बोंडातून कापूस असा अलगद काढायची की पाकळी हलायची नाही. पण तिनं एक लेकरू हातावर घालवलं होतं आणि त्याचा काहीतरी अर्थ लावल्याशिवाय तिला झोप येत नव्हती. तिनं लावलेला अर्थ असा, की नजर चांगल्यावर बसते. मला तिनं एकदा समजावून सांगितलं होतं, "लेकराच्या गालाला तीट कामून लावत्यात? सगळंच चांगलं दिसू नये म्हून. मंग पाटीला बी एक असावी का न्हाई?"

मला ते अगदी पटलं होतं. लहानपणी पटतंच.

सातवीला शिष्यवृत्तीची परीक्षा आली तेव्हा शेख गुरुजी द्वारकाच्या घरी गेले. मी बरोबर होते. गुरुजी ओट्यावर बसले, चहा घेतला, मग म्हणाले, "बाई, तिला पाठवा. माझ्या सगळ्या नोकरीत असं लेकरू न्हाई आलं."

त्यांनी हे म्हणायला नको होतं. मावशीचा चेहरा उतरला. तिनं पोरीच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

"न्हेता तर न्या," ती म्हणाली. "पर मोठी परीक्षा हाय. चूक बी मोठी ठेवावी लागंल."

गुरुजींना वाटलं, बाई गंमत करतात. ते हसले.

परीक्षा घनसावंगीला होती. माझा बाक तिच्या तिरकस मागे. अर्धा वेळ झाला असेल तेव्हा मी मान वर केली, तर द्वारका हाताची घडी घालून बसली होती. पेन्सिल बाकाच्या खाचेत नीट ठेवलेली. घंटा होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, समोरच्या भिंतीकडे बघत. बसल्या जागी शिक्षा घेतल्यासारखी.

परतीच्या बसमध्ये गुरुजींनी विचारलं, "कसा गेला?"

"मागचं पान कोरं ठेवलं," द्वारका म्हणाली.

"न्हाई आलं?"

"येत होतं. म्हून तर ठेवलं."

गुरुजींनी खिशातून प्रश्नपत्रिका काढली आणि मागचं पान उघडून एकेक प्रश्न विचारायला लागले. बस खड्ड्यांतून हिंदकळत होती. ती उत्तरं देत गेली, सगळी, न थांबता. एका ठिकाणी तर, "गुरुजी, हा प्रश्नच चुकलाय," असं म्हणाली. शेवटचं उत्तर झालं तेव्हा गुरुजींनी कागदाची घडी घातली, परत खिशात ठेवली आणि गाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

शिष्यवृत्ती मला मिळाली. माझ्याबद्दल इतकं पुरे.

सातवीनंतरची शाळा गावात नव्हती. वडिलांची बदली झाली आणि मी जालन्याला गेले. द्वारका घरी राहिली. सोळाव्या-सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. मावशीला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून घरजावई केला. आसाराम त्याचं नाव. माणूस साधा, कष्टाळू, बोलायला कमी. मी भेटायला गेले तेव्हा द्वारका म्हणाली, "लोकाच्या पोरी सासरला तरी जात्यात. दुसरी भिंत बघायला मिळती. माझं माहेर अन् सासर एकाच चुलीपाशी."

"बरं आहे की," मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले.

"बरंच हाय. रुसून जायचं म्हटलं तर कुठून निघायचं अन् कुठं जायचं, हाच सवाल हाय."

ती अशी बोलायची. स्वतःच्या कोंडीवर विनोद करायची आणि दुसरा हसला की स्वतः गप्प व्हायची.

पुढे मी जालन्यात एका कॉलेजात ग्रंथपाल झाले आणि मस्तगडात दोन खोल्या घेऊन राहायला लागले. द्वारकाच्या गावी जाणं वर्षातून दोनतीनदा. प्रत्येक वेळी तिच्या ओट्यावर दोनचार बायका बसलेल्या दिसायच्या. कुणाच्या पदरात गोळ्यांची पाकिटं, कुणाच्या हातात बाटली. सातवी शिकलेली द्वारका गावाची औषधं वाचायची. डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलेलं बायकांच्या लक्षात राहायचं नाही, आणि समजलं नाही असं म्हणायची लाज वाटायची. द्वारका पाकीट उन्हात धरून तारीख बघायची, मग विचारायची, "किती येळा म्हणाले? खाऊन का उपाशी?"

नुसतं सांगून भागत नाही, हे तिला लवकर कळलं. मग तिनं एक पद्धत काढली. जेवणाआधीची गोळी पिठाच्या डब्यात ठेवायची, कारण पीठ काढल्याशिवाय भाकरी होत नाही. जेवणानंतरची गोळी भांडी घासायच्या राखेच्या डबड्यावर, कारण जेवण झाल्यावर बाई तिथेच जाते. झोपतानाची अंथरुणाच्या घडीत. "डोक्यात ठेवू नका," ती सांगायची. "डोक्यात लई कायकाय असतंय. हाताला जिथं सापडंल तिथं ठेवा." मी पुष्कळ पुस्तकं हाताळली आहेत. इतका सोपा आणि खरा विचार त्यांत क्वचित सापडला.

जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी किती द्यायचं, ताप कधी अंगावर काढायचा नाही, कोणत्या खोकल्याला दवाखान्यात जायचंच, हे सगळं तिला ठाऊक होतं. एकदा गावात आलेल्या नर्सबाईंनी तिला विचारलं, "शिक्षण किती तुमचं?"

"सातवी पास," द्वारका म्हणाली. "चुकून."

मी तिथे होते. हसावं की नाही, मला कळलं नाही.

सारिका झाली त्या बाळंतपणात द्वारकाला धाप लागायला लागली. आधी सगळ्यांनी अशक्तपणा म्हटलं. मुलगी चार वर्षांची झाली तरी धाप जाईना, तेव्हा मी तिला औरंगाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. दोन दिवस तपासण्या झाल्या. तरुण डॉक्टर होते. त्यांनी सांगितलं, हृदयाची एक झडप आकसली आहे. मग विचारलं, "लहानपणी घसा दुखून ताप आला होता का? गुडघे, घोटे सुजले होते?"

"अकरा वर्षांची असताना," द्वारका म्हणाली. "एक गुडघा बरा झाला की दुसरा धरायचा."

"तेव्हा उपचार झाले असते तर हे टळलं असतं. तो ताप सांधे सोडून देतो, हृदय धरतो. घरात आणखी कुणाला झालं होतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. सात दुणे मुद्दाम चुकवताना तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

"न्हाई," ती म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "सुमे, भानुदासचे गुडघे सुजल्ते. मला आठवतंय. ह्या एवढाले झाल्ते. मायनं बिब्बा लावला त्याला. कातडी जळली. तो रडत होता अन् माय त्याला धरून होती."

तिनं मनगट सोडलं नाही.

"तो शहाणा होता म्हून न्हाई गेला. तापानं गेला. सुई मिळाली असती तर राह्यला असता." थोड्या वेळानं ती म्हणाली, "मायला हे सांगायचं न्हाई. कधीच न्हाई. शपथ घे. ती म्हणती देवानं नेला. देवानं नेला तर तिच्याकडं काही बाकी राहत न्हाई. तापानं नेला म्हटलं, की तिचे हात तिला खातील."

मी शपथ घेतली. ती घेताना पुढचं काहीच आम्हाला दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन लिहून दिलं होतं, ताप पुन्हा उलटू नये म्हणून. झडपेचं ऑपरेशनही करावं लागेल म्हणाले होते. इंजेक्शन आधी चाचणी करून द्यावं लागे, जवळपास कुणी द्यायला तयार नसे. म्हणून ती जालन्याला यायची. आधी जीप, मग बस. दवाखान्यातून निघून जेवायला माझ्याकडे. मस्तगडाचा चढ तिला एका दमात चढवत नसे, पण दम लागला असं ती कधी म्हणाली नाही. धाप लागली की ती जवळच्या दुकानात वळायची. बांगड्या बघायची, पितळी डबा उचलून बूड बघायची, कापडाच्या दुकानात, "हे धुतल्यावर आकसंल का?" असं विचारायची. श्वास जागेवर आला की पुढचं दुकान. त्या चढावरचे सगळे दुकानदार तिला ओळखायला लागले होते. एकजण मला म्हणाला, "तुमच्या मैत्रीण लई चोखंदळ हैत. आजपर्यंत कायच पसंत न्हाई पडलं."

एकवीस दिवस ती विसरली असं कधी झालं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती काजळाचा ठिपका द्यायची. पण विसरणं वेगळं आणि जायला न मिळणं वेगळं. वेचणीच्या दिवसांत रान सोडून जाता येत नसे. ओढ्याला पाणी आलं की जीप बंद. सारिकाला गोवर आला, आसाराम पाय मोडून पडला. एकवीसचे तीस व्हायचे, तीसचे पन्नास. नंतर कॅलेंडरवर ठिपके असायचे आणि दवाखान्याच्या कार्डावर त्या तारखा नसायच्या.

ऑपरेशनला आसाराम तयार होता. तारीखही मिळाली. मावशीनं ऐकलं आणि दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. निघायच्या सकाळी ती जीपपुढे रस्त्यावर मांडी घालून बसली. ओरडली नाही, रडली नाही.

"काळीज उघडल्यावर माणूस राहतं का? एक नेला देवानं. आता हिला मी माझ्या हातानं न्हाई पाठवायची."

ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. द्वारका जीपमधून उतरली, आईच्या दंडाला धरून तिला उठवलं, आणि दोघी घरी परत गेल्या. मी पिशवी घेऊन मागून गेले. तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा मावशीला सांगायला हवं होतं, की मावशी, तो ताप होता, हिलाही तोच ताप आहे, आणि यावर इलाज आहे. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. द्वारकानं मागे वळून फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शपथ पाळली. ती पाळली म्हणून मला अजून बरं वाटलेलं नाही.

पुढच्या वेळी आपणच नेऊ, असं आम्ही म्हणत राहिलो. पुढच्या वेळी डॉक्टरांनी नवीन तपासणी केली आणि ऑपरेशनचं नाव काढलं नाही.

त्या सुमारास ग्रंथालयात एका मासिकात मी एक लेख वाचला. लहानपणी हुशार असलेली मुलं पुढे सरासरीनं जास्त निरोगी राहतात, जास्त जगतात, असं त्यात होतं. मी त्या पानापाशी बराच वेळ थांबले. द्वारका आली तेव्हा तिला वाचून दाखवलं. तिला इतकं हसू आलं, की धाप लागली. पाणी पिऊन ती म्हणाली, "मायला वाचून दाखव हे. कामून जगत्यात म्हणं?"

मी सांगितलं. नक्की कुणालाच माहीत नाही. पण त्यांना डॉक्टरांचं सांगणं समजतं, औषध वेळेवर घेतात, धोका ओळखतात, कष्टाची, जिवावरची कामं त्यांच्या वाट्याला कमी येतात. असं असू शकतं.

ती भिंतीला टेकून विचार करत राहिली. तिच्या विचार करण्यालाही एक सवय होती, अंगठ्याच्या नखानं करंगळीचं पेर घासत राहायची.

"बराबर लिहिलंय," ती म्हणाली. "पर त्या लेकरांना घराच्या बाहेर जाऊ देत असतील. समजणं म्हंजे काय दार न्हाई, सुमे. खिडकी हाय. कोण कुठं चाललंय ते नीट दिसतं, एवढंच."

त्यानंतर तो लेख तिनं माझ्याकडून मागून घेतला. तिच्या पेटीत तो शेवटपर्यंत होता.

सारिका पाचवीत गेली. आईसारखीच होती, शांत आणि चटकन समजणारी. एका सुट्टीत मी तिची वही चाळत होते. पानापानावर सगळं बरोबर आणि प्रत्येक पानावर एक चूक. मी वही द्वारकापुढे धरली. तिनं दोन पानं उलटली आणि वही मिटली.

"कोणी शिकवलं?" तिनं विचारलं.

"आजीनं," सारिका म्हणाली. "आजी म्हणती, तुझा मामा सगळं बराबर लिहायचा."

पोरगी खेळायला गेल्यावर द्वारका मला म्हणाली, "आता कळलं का माझं कसं झालंय? मायला खरं सांगितलं तर माय मरती. न्हाई सांगितलं तर पोरगी हितंच राहती, ह्याच ओट्यावर. अन् मी गेले, की लोक काय म्हणतील माहिताय ना? बघा, ही बी शहाणी होती. चूक ठेवून बी राह्यली न्हाई. मंग पोरीला शाळाच नको." ती थांबली. "माझं मरण असं वापरतील, सुमे. तेवढं मला नकोय."

निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज तिनं स्वतः भरला होता. तोपर्यंत तिला आडवं होऊन झोपता येत नव्हतं. भिंतीला वाकळांची चळत लावून ती बसून झोपायची.

ती गेली ती त्या परीक्षेनंतर तीन आठवड्यांनी. एकतीस वर्षांची होती. दहाव्याला बायका बसल्या होत्या आणि ती म्हणाली होती तेच अक्षर न् अक्षर मी ऐकलं. "लई शहाणी होती. उसनं आयुष्य." "दोन्ही लेकरं तशीच गयाबाईची." मी मान खाली घालून बसले होते. गयामावशीनं अचानक मला विचारलं, "सुमन, दवाखान्यात तूच जायचीस तिच्यासंगं. डाक्टर काय म्हणायचे?"

"झडप खराब होती, मावशी. काळजाची. लहानपणीच्या तापानं."

मावशी स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

"अन् भानुदासची?"

मला वाटतं, माझा आवाज स्थिर होता. "त्याचं मला माहीत नाही."

"न्हाई माहीत तेच बरं," मावशी म्हणाली. मग बायकांकडे वळली आणि बरीच मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं ना? झडप खराब होती तिची. शहाणपणाला कोणी नावं ठेवायची न्हाईत."

तिला किती कळलं होतं आणि कधीपासून, हे मी विचारलं नाही. जूनमध्ये सारिकाच्या प्रवेशाचं पत्र आलं. ट्रंक घेऊन तिला शाळेत सोडायला आसारामबरोबर मावशी स्वतः गेली. आता ती मुलगी बारावीला आहे. सुट्टीत माझ्याकडे येते, माझ्या टेबलावर अभ्यास करते, आणि घसा दुखला तरी दवाखान्यात जाते. मस्तगडचा चढ ती पळत चढते. मी तिच्या मागून हळूहळू येते आणि माझी पावलं आपोआप त्या दुकानांपाशी थांबतात.

द्वारका मला दिसते ती मात्र सारिकाच्या परीक्षेच्या सकाळची.

मी आदल्या दिवशी गावी आले होते. जीप पारापाशी उभी होती. द्वारका ओट्यावर बाजेवर बसली होती, पाठीमागे वाकळा. ओठ निळसर झाले होते, पण केस स्वच्छ विंचरलेले. सारिका गणवेशात, हातात पुठ्ठा आणि दोन पेन. मावशी घरातून बाहेर आली आणि नातीच्या पुढ्यात बसली.

"मोठी परीक्षा हाय, बाळा," ती म्हणाली. "मोठी..."

"माय," द्वारका मध्येच म्हणाली. "काजळाची डबी आण."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मग उठून डबी आणली.

"मोठी परीक्षा हाय. तीट बी मोठी लाव," द्वारका म्हणाली. दर दोन शब्दांना ती थांबत होती. "पर गालाला लाव. पेपरला नको."

"अगं पर..."

"पांढरं पान लांबून दिसतं, माय. नजर पांढऱ्यावरच बसती. तू चूक ठेव म्हणाल्ती. मी सगळं पानच कोरं सोडलं, म्हून लागली मला. तुझं बराबर होतं. चुकलं ते माझं."

इतकं बोलून ती वाकळांवर टेकली. मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात हुशार खोटं ते होतं. पारावरून ड्रायव्हरनं हाक मारली, "बाई, जल्दी करा!"

मावशीनं डबीत बोट फिरवलं आणि सारिकाच्या गालावर रुपयाएवढा काळा ठिपका लावला. पोरगी कसनुशी झाली. परीक्षेला इतकी मोठी तीट लावून जायचं म्हणजे लाजच. ती आईजवळ गेली.

"मंग आई, सगळं लिहू?"

"सगळं."

"एक पण न्हाई चुकवायचं?"

"बिलकुल न्हाई," द्वारका म्हणाली. "अन् मागचं पान आधी लिही."

आम्ही निघालो. जीप वळणावर आली तेव्हा मी मागे पाहिलं. मावशी अजून बाजेपाशी उभी होती, काजळानं भरलेलं बोट बाजूला धरून, कुठे पुसायचं ते न सुचल्यासारखी. द्वारकानं पुढे वाकून तिचा हात ओढून घेतला, आणि आपल्या पदरानं ती आईचं ते काळं बोट सावकाश पुसत होती.